रेस्ट आणि स्पेअर

मी जन्माची भित्री. आमच्या वाडीतल्या बाकीच्या पोरांना भुताची, सापाची, फार तर मास्तरांची भीती वाटायची. मला भीती वाटायची ती गाडी न थांबण्याची. बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येतं. लोक गाडी थांबली म्हणून वैतागतात, आणि ही बाई थांबली नाही तर काय म्हणून घाबरते! पण आमचं घर होतं इगतपुरी सोडून गाडी कसाऱ्याकडे घाट उतरायला लागते तिथे, रुळांच्या अंगाला. घाट उतरणाऱ्या प्रत्येक गाडीला आमच्या खालच्या बाजूला एका ठरलेल्या जागी पूर्ण थांबावं लागे. तिथे मुख्य लाइनीला एक फाटा फुटतो आणि तो फाटा डोंगराच्या अंगावर चढत जाऊन मातीच्या ढिगात संपतो. त्याला म्हणायचं कॅच सायडिंग. आम्ही नुसतं ‘कॅच’ म्हणायचो. गाडीचा रूळ बदलणारा सांधा कायम त्या फाट्याकडेच लावलेला असायचा. गाडी थांबली, तिनं शिट्टी दिली, म्हणजे ब्रेक धरतायत अशी खात्री पटली, की मग केबिनवाला सांधा फिरवून तिला खाली सोडणार. ब्रेक धरले नाहीत तर गाडी दरीऐवजी डोंगरात घुसणार. त्यातल्या त्यात बरं म्हणायचं, एवढंच.

त्यामुळे माझे कान दिवसभर तिकडे. आधी घरघर, मग ब्रेकांचं किंचाळणं, मग शांतता, मग शिट्टी. ते किंचाळणं ऐकून पाहुणे कानांवर हात ठेवायचे, मला मात्र त्यानं जिवात जीव यायचा. गृहपाठाची बेरीज अर्धी टाकून मी पेन्सिल उचलून बसायची आणि शिट्टी झाली की हातचा एक विसरलेला असायचा. गणितात मी कच्ची राहिले ती अशी. आई म्हणायची, “तुला काय गार्डाची नोकरी लागलीय का?”

आमचं दुकान म्हणजे देशी दारूचं. लपवाछपवी कशाला करू? सरकारमान्य होतं, पाटी होती. पण सबंध लाइनीवर त्याला कुणी दुकान म्हणत नसे. ‘टाकीवर’ म्हणत. वाफेच्या इंजिनांच्या काळात तिथे इंजिनाला पाणी पाजायची उंच लोखंडी टाकी होती. इंजिनं विजेची झाली, टाकी कोरडी पडली, तिच्या सावलीत आमचं छप्पर राहिलं. माझे आजोबा रेल्वेच्या रनिंग रूममध्ये बटलर होते. ड्रायव्हर-गार्ड ड्यूटी संपवून जिथे जेवतात-झोपतात, त्या रनिंग रूमचा ठेका एका पारशी शेठकडे होता. शेठ म्हातारे होऊन मुंबईला गेले तेव्हा जाताना रुळाकडेची ही जागा आजोबांच्या नावावर करून गेले. गल्ल्याचं फळकूट रुळाखालच्या जुन्या सागवानी स्लीपरचं, बसायला थर्ड क्लासच्या डब्यातली लाकडी बाकं, दाराशी टांगलेला रुळाचा तुकडा आणि भिंतीवर ‘येथे थुंकू नये’ची निळी पाटी, जिच्याखाली सगळे थुंकायचे.

आता तिथे माझा भाचा ‘फॅमिली रेस्टॉरंट अँड बार’ चालवतो. धबधबे बघायला आलेली मुंबईची मुलं त्या पाटीपुढे उभी राहून फोटो काढतात. भाच्यानं शोभेचा एक सिग्नलही आणून लावलाय, तो रात्रंदिवस हिरवा. मी त्याला म्हटलं, अरे, निदान कधीतरी लाल होऊ दे. तर म्हणतो, “मावशी, हेरिटेज आहे ते.” असेल बाई.

घर दुकानाच्या मागे होतं, मध्ये एक गोणपाटाचा पडदा. पडद्याच्या अलीकडे बाटली आणायची नाही हा आईचा कायदा. वास मात्र कायदा पाळत नसे. संत्र्याच्या दारूचा तो गोडूस, डोक्यात चढणारा वास, त्यात भिजवलेल्या चण्यांचा, भाजलेल्या सुकटीचा, चुलीवरच्या नागलीच्या भाकरीचा वास, आणि पावसाळाभर न वाळलेल्या कपड्यांचा. आजही कुठे सुकट भाजली की मला उगाच संत्र्याचा वास येतो. आम्ही बौद्ध. अप्पा, म्हणजे माझे वडील, सकाळी अंघोळ करून बुद्धाच्या तसबिरीपुढे मोठ्या आवाजात पंचशील म्हणायचे. मद्यापासून दूर राहण्याचं पाचवं शील आलं की त्यांना नेमका खोकला यायचा. तो आवरला की ते उठायचे आणि दुकान उघडायचे. आम्ही भावंडं पांघरुणात तोंड खुपसून हसायचो.

अप्पा लोभी होते, हे मी त्यांची लेक असून सांगते. पण एका बाबतीत त्यांना देवसुद्धा विकत घेऊ शकला नसता. रेल्वेचा माणूस समोर आला की गिलास पुढे करण्याआधी ते एकच शब्द विचारायचे, “रेस्ट?” समोरच्यानं “रेस्ट” असंच उत्तर द्यायचं. सुट्टी आहे, मोकळा आहे, आज काही नाही, असलं काही चालत नसे. आजोबांनी घालून दिलेली ही रीत होती. रेस्ट म्हणजे रेल्वेनं दिलेली पक्की विश्रांती, त्यात बोलावणं येणार नाही. बाकी काहीही उत्तर आलं की अप्पा गिलास उलटा ठेवायचे आणि चहा सांगायचे. मोठमोठे ड्रायव्हर निमूटपणे चहा पिऊन जायचे.

त्या वर्षी दादाचं लग्न झालं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ अशोक. मालगाडीवर नुकताच असिस्टंट झाला होता, ड्रायव्हरच्या शेजारी बसून सिग्नल पुकारायचा. वहिनी पिंपळगाव बसवंतची, सुमन नाव. तिच्या वडिलांचे कांदा-द्राक्षं वाहणारे टेम्पो होते. ती आली ती ऊन घेऊन आली म्हणायची, इतकी खुल्या मोकळ्या मुलखातली. आमच्याकडचा पाऊस, धुकं आणि भिंतीवरची बुरशी बघून तिनं आठवडाभर माहेरची आठवण काढली आणि मग पदर खोचून भिंती घासायला लागली. मला ती ‘वन्सं’ म्हणायची. मी शाळकरी मुलगी, मला ते इतकं मानाचं वाटायचं की मी तिच्यामागे दिवसभर फिरायची. गाडी उतरायला लागली की मी गप्प होते हे तिच्या लक्षात आलं होतं. “वन्सं, गाडी हाय ती, बैल नाय बिथरायला,” असं म्हणून ती माझी वेणी ओढायची.

श्रावणातला शनिवार होता, घोटीच्या बाजाराचा दिवस. आई-अप्पा बाजाराला गेले होते. सकाळची शाळा करून मी घरी येत होते तर धुकं इतकं उतरलेलं की टाकीचे नुसते पाय दिसत होते, वरची टाकी नाही. दुकानातून दगडूतात्या बाहेर पडले. घाटातले जुने ड्रायव्हर, अप्पांचे स्नेही, दादा ज्यांना गुरू मानायचा ते. उजवा गाल टम्म सुजलेला, त्यावर मफलर बांधलेला. नेहमी माझी चौकशी करणारा माणूस, त्या दिवशी माझ्या डोक्यावर नुसता हात टेकवून पुढे गेला. हात टेकवताना वास आला. मला वाटलं दुकानाचाच असेल.

आत वहिनी खुशीत होती. “वन्सं, आज म्या एकटीनं गिऱ्हाईक केलं! तात्या आल्ते. दाढ लय ठणकतीय म्हणले, गुळणी धरतो म्हणले. गुळणी कसली, बसूनच घेतली बिचाऱ्यांनी.”

“रेस्ट विचारलंस?”

“इचारलं की. मामांनी शिकवलंय मला. म्हणले, आज स्पेअर हाय सूनबाई, दे.”

मी दप्तर खाली ठेवलं नाही, ते पडलंच. “स्पेअर म्हणाले? रेस्ट नाही?”

“तेच ते नाय का? आमच्या बाबांकडं एक टेम्पो स्पेअर असतो. रिकामा उभा ऱ्हातो दारात, पोरं खेळत्यात त्यात.”

तेच ते नव्हतं. रेल्वेत स्पेअर म्हणजे रिकामा नव्हे, स्पेअर म्हणजे तयार. कुणी आजारी पडला, जादा गाडी निघाली, तर पहिलं बोलावणं स्पेअरवाल्याला. पुष्कळदा दिवस तसाच जातो, कुणी बोलवत नाही, आणि दाढेनं हैराण झालेल्या तात्यांनी त्याच भरवशावर गिलास तोंडाला लावला असणार. ते खोटं बोलले नव्हते. तिनं विचारलं, त्यांनी खरं सांगितलं, आणि दोघांच्या मधे एक शब्द सांडला. मी वहिनीला हे सांगत होते आणि एक कान घाटाकडे लावून होते. अजून काहीच झालं नव्हतं, पण भित्र्या माणसाला व्हायची वाट पाहावी लागत नाही.

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. बारकूकाका कॉलमन. ड्रायव्हर-गार्डांना घरोघर जाऊन ड्यूटीचं बोलावणं द्यायचं हे त्यांचं काम. रेनकोट झटकत दारातच उभे राहून म्हणाले, “चहा टाक गं सुमन. सकाळधरनं चाकावर हाय. जादा मालगाडी निघाली. दगडूला वाटेतच गाठलं, तिथंच सही घेतली, तसाच गेला टेसनात. असिस्टंट तुझाच मालक हाय, त्यो ड्यूटीवर आदीच टेसनात हाय.”

वहिनीनं माझ्याकडे पाहिलं. मग तिनं काकांना सरळ सांगून टाकलं, तात्यांनी घेतलीय म्हणून. आडपडदा ठेवला नाही. काकांचा चेहरा पडला. त्यांनी बाहेर बघितलं, आत बघितलं आणि म्हणाले, “म्या काय ऐकलं नाय. सही झालीय. आता बोललो तर त्यो जाईल, म्या जाईन, तुमचं दुकान जाईल. दगडू मुरलेला गडी हाय, नेईल बराबर.” आणि चहा न घेता सायकलवर टांग टाकून गेले. त्यांना मी वाईट म्हणणार नाही. पाच लेकरांचा बाप होता. पण त्या क्षणी मला त्यांची सायकल दरीत ढकलावीशी वाटली.

वहिनीनं दुकानाला कडी घातली. “चल, टेसनात जाऊ.”

मी म्हटलं, स्टेशन लांब आहे, चढ आहे, आपण पोचेपर्यंत गाडी सुटेल. कॅच जवळ आहे. तिथे गाडीला थांबावंच लागतं.

“आन् नाय थांबली तर?”

ती मला हे चिडवायला विचारत नव्हती. माझ्याकडे उत्तर असेल असं तिला खरंच वाटलं होतं. मी रडायला लागले. तिनं माझा हात धरला आणि आम्ही रुळाकडेच्या पायवाटेनं खाली धावत सुटलो.

ती वाट माझ्या पायाखालची, पण त्या दिवशी मला काही ओळखू येईना. धुक्यात झुडपं एकदम अंगावर यायची. गवतात पाणी, चपला निसटत होत्या. वहिनीनं तिच्या काढून हातात घेतल्या आणि पुढे कुठेतरी टाकूनही दिल्या. केबिनच्या खाली पोचलो तेव्हा वर दिवा अंधूक दिसत होता. वहिनीनं हाक मारायला तोंड उघडलं आणि तेवढ्यात रूळ वाजायला लागले. गाडी दिसत नव्हती. फक्त घरघर, आणि ती घरघर वाढत होती. मी मनात म्हणत होते, आता ब्रेक लागतील. आता लागतील. रोज ज्या वळणावर ते किंचाळायचे ते वळण मला आवाजावरून ठाऊक होतं. ते वळण गेलं. किंचाळणं आलं नाही. घरघर तशीच, उलट जास्त. मी खाली बसले आणि कानात बोटं घातली. आयुष्यात पहिल्यांदा मला ऐकायचं नव्हतं.

मग जमीन हादरली आणि कानात बोटं असूनही मला ऐकू आलं. किंचाळणं नव्हतं ते, त्याहून भयंकर होतं, डब्यावर डबे आदळत आदळत येत होते. ठिणग्यांचा वास आला. इंजिन धुक्यातून निघालं, आमच्यासमोरून सरकत पुढे गेलं आणि सांध्याच्या अगदी तोंडाशी उभं राहिलं.

शिट्टी झाली नाही. वर केबिनवाला ओरडत होता. इंजिनाच्या खिडकीत दादा दिसला. त्याचा चेहरा मी कधी विसरणार नाही, ओठसुद्धा पांढरे. त्यानं नंतर सांगितलं, तो पुकारत होता, तात्या “हां हां” म्हणत होते आणि हात हलत नव्हता. शेवटी त्यानं आपल्या बाजूचा इमर्जन्सी ब्रेक ओढला. पण तिथे उभा राहून तो हे बोलला नाही. आम्हाला बघून तो पहिलं काय म्हणाला असेल? “इथं कशाला आलात? घरी जा!”

आणि आतून तात्यांचा आवाज आला, “शिट्टी दे रे. सांधा मागायचाय.” म्हणजे ते पुढे जाणार होते. बोगदे, पूल, सगळा उरलेला घाट. आणि दादाचा हात शिट्टीकडे गेला. मला ते तेव्हाही कळलं आणि आजही कळतं. ज्याच्या हाताखाली शिकलो त्या माणसाला तुम्ही प्यायलात, उतरा, असं म्हणायला वेगळं काळीज लागतं. ते दादाकडे नव्हतं. माझ्याकडे तर नव्हतंच.

वहिनी अनवाणी रुळांत शिरली आणि इंजिनापुढे उभी राहिली. डोक्यावरचा पदर पडला होता, तो तिनं घेतला नाही. “तात्या, खाली उतरा.”

“सूनबाई, बाजूला हो. खुळी हायस का?” तात्या खिडकीत आले. “माझी नोकरी जाईल गं पोरी. दोन वर्सं राह्यलीत.”

“तुमची नोकरी जाईल, माझा नवरा जाईल! म्या ओतली, तुम्ही पेलात. चुकी दोघांची, मरायचं ह्यांनी का?”

“सुमन, बाजूला हो!” दादा ओरडला.

“नाय व्हनार. आदी माझ्यावरनं न्या.”

ती थरथरत होती, मला लांबूनही दिसत होतं. शूर माणसं थरथरत नाहीत असं पुस्तकात असतं. मी रुळांपर्यंत गेले. आत शिरायचं धाडस झालं नाही, पण हात लांब करून तिच्या पदराचं टोक धरून उभी राहिले. “मंदे, सोड,” ती म्हणाली. वन्सं म्हणाली नाही. मी सोडलं नाही.

मग तात्या उतरले. एकेक पायरी चाचपत उतरले, खडीवर बसले आणि सुजलेल्या गालावर हात दाबून रडायला लागले. दाढेसाठी की कशासाठी, मी विचारलं नाही. केबिनवाला खाली आला होता. त्यानं वास घेतला, गाल बघितला, दादाकडे बघितलं आणि वर जाऊन फोन लावला. “ड्रायव्हर आजारी. दाढ सुजलीय, ताप चढलाय, गाडी न्यायच्या लायक नाय. दुसरा माणूस द्या.” एवढंच. खोटं त्यात एक ताप तेवढा होता.

दुसरा ड्रायव्हर चालत आला. गाडीनं शिट्टी दिली, सांधा फिरला. दादा खिडकीत होता, पण आमच्याकडे बघत नव्हता. वहिनी मात्र शेवटचा डबा धुक्यात जाईपर्यंत हलली नाही. परतीच्या वाटेवर तिला ओकारी झाली आणि मी तिचं कपाळ धरलं. तिचे पाय खडीनं फाटले होते.

आई-अप्पा बाजारातून आल्यावर मी सगळं सांगितलं. अप्पांचा पहिला प्रश्न, “दुकानाचं नाव घेतलं का कुणी?” मला त्या प्रश्नाचा अजून राग येतो, अप्पा जाऊन इतकी वर्षं झाली तरी. वहिनी उठून आत गेली. आईनं मात्र बाजाराची पिशवी अप्पांच्या पायाशी आदळली, आणि त्या रात्री आमच्याकडे चूल पेटली नाही. दादा दुसऱ्या दिवशी आला. तो वहिनीशी कितीतरी दिवस नीट बोलला नाही. बायको रुळांत उभी राहिली म्हणून लाइनीवर त्याची चेष्टा होत होती. पुढे बोलायला लागला तो इतका, की आजतागायत थांबलेला नाही. तात्यांनी साहेबाला स्वतः काही सांगितलं का, मला माहीत नाही. ते गाडीवर परत दिसले नाहीत, शेडमध्ये दिसायचे. वहिनी समोरून आली की टोपी काढायचे.

मागच्या महिन्यात मी दादा-वहिनीकडे राहायला गेले होते. दादा रिटायर होऊन जमाना झाला. तो ओट्यावर बसून शेंगा सोलत होता. वहिनी आत भाकरी थापत होती. खाली घाटात मालगाडीची घरघर सुरू झाली आणि वहिनीचा हात परातीवर थांबला. तव्यावरची भाकरी करपायला लागली तरी ती हलेना. मी भाकरी उलटायला उठले.

दादा बाहेरून हसत म्हणाला, “अगं, मी हितं बसलोय. कुणासाठी थांबलीस?”

“गाडीवर कुणीतरी हायच ना,” वहिनी म्हणाली, आणि शिट्टी होईपर्यंत आम्ही तिघंही गप्प राहिलो.